पिळून टाकलेलं मलम

पोरीने पहिल्याच दिवशी घोळ घातला. सकाळी नऊच्या ठोक्याला, कडक इस्त्रीचा पांढरा कोट घालून ती दवाखान्याच्या काउंटरपाशी उभी राहिली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "मावशी, डॉक्टर आलेत का?"

मावशी! दवाखान्यात मावशी म्हणतात ती लादी पुसणाऱ्या बाईला. लादी पुसण्यात कमीपणा आहे असं सिस्टरांचं मुळीच म्हणणं नव्हतं. पण तीन वर्षांचा नर्सिंगचा कोर्स केला होता, आणि त्वचारोगाच्या या दवाखान्याचा गाडा एकोणीस वर्षं एकहाती ओढला होता. अंगावर पांढरा युनिफॉर्म होता, छातीला घड्याळ होतं. डोळे होते ना पोरीला?

"सिस्टर म्हणायचं," सिस्टर म्हणाल्या. "आणि डॉक्टर दहाला येतात. बस तिकडे."

मेडिकल कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाची ही विद्यार्थिनी तीन महिने डॉक्टरांच्या मागे मागे राहून काम बघणार होती आणि त्याबरोबर एक संशोधनही करणार होती. म्हणजे तीन महिने पायात पाय. सिस्टरांनी मनात हिशेब केला, कितव्या आठवड्यात ही कंटाळून पळेल. असे विद्यार्थी याआधी दोन येऊन गेले होते. एक मोबाइलमध्येच असायचा, दुसऱ्याला जखम बघून घेरी यायची.

ही पळाली नाही. डॉक्टरांनीच तिला पळू दिलं नाही. डॉक्टर म्हणजे साठीचा माणूस, बोलणं मोजकं, राग नाकाच्या शेंड्यावर. पेशंट त्यांना टरकून असतात, असं सिस्टरांचं ठाम मत होतं. सिस्टरांना ते 'तुम्ही' म्हणत, तेही कामापुरतं. या पोरीला मात्र पहिल्या तासातच 'तू' झालं. "इकडे ये. हे बघ. काय दिसतं? घाबरू नकोस, चुकलीस तरी चालेल."

चुकलीस तरी चालेल! सिस्टरांना चुकायची मुभा एकोणीस वर्षांत कुणी दिली नव्हती. आणि डॉक्टरांचं ते दिव्याचं भिंग, कातडीवरचा तीळसुद्धा वाटीएवढा करून दाखवणारं, ते सिस्टर रोज संध्याकाळी स्पिरिटच्या कापसाने पुसून डबीत ठेवायच्या. त्यातून बघायला त्यांना कधी कुणी बोलावलं नाही. पोरीच्या हातात ते दुसऱ्याच दिवशी गेलं.

आता खोटं कशाला बोला, सिस्टरांची नजर डॉक्टरांपेक्षा फार कमी नव्हती. पेशंट दारातून बाकापर्यंत पोचायच्या आत त्यांना कळायचं, हा इसब आहे, ती खरूज आहे, आणि तो कोपऱ्यातला नुसता काळजीने खाजवतोय. एकदा एक पोस्टमन टाचेच्या भेगा दाखवायला आला होता. त्याच्या तळपायावरचा काळा डाग सिस्टरांनी पाहिला आणि आत जाऊन हळूच सांगितलं. डाग वाईटातला निघाला. वेळेवर कापला म्हणून पोस्टमन वाचला. त्या दिवशी डॉक्टर सिस्टरांना म्हणाले होते, "हं." बस्स. त्या एका 'हं'वर सिस्टरांनी सात वर्षं काढली होती. पोरीला दिवसातून चारदा "शाब्बास" मिळायचं, तेही खरजेला खरूज म्हटलं म्हणून.

"सवत आली म्हण की घरात," नवरा जेवताना म्हणाला.

"काहीतरीच बोलू नका. साठीचा डॉक्टर तो."

"अगं, डॉक्टराचं कोण बोलतंय? तुझं लग्न लागलंय ते दवाखान्याशी."

सिस्टरांनी त्याच्या ताटात आमटीचा डाव जरा जोरातच आपटला. माणूस खरं बोलला की फार राग येतो.

पोरीचं संशोधन असं होतं. हाताचा इसब झालेले चाळीस पेशंट घ्यायचे. मलम सांगितल्याप्रमाणे लावतात का, ते बघायचं. सांगण्याची रीत ठरलेली: बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढायची, तेवढं एका हाताला पुरतं. दोन हात, दिवसातून दोनदा, म्हणजे तीस ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवसांत संपली पाहिजे. पोरगी ट्यूब देताना तिचं वजन करणार, पंधरा दिवसांनी परत करणार, आणि वहीत लिहिणार. त्यासाठी तिने सोनाराकडे असतो तसा छोटा काटा आणला आणि कुठे मांडला? सिस्टरांच्या टेबलावर! निम्मं टेबल गेलं. सिस्टरांचा शिक्का, स्टेपलर आणि चष्म्याचं घर असं सगळं एका कोपऱ्यात दाटीवाटीने बसलं.

ट्यूब बघणं हे खरं तर सिस्टरांचं काम. तपासणीला आलेल्याने आधी काउंटरवर ट्यूब दाखवायची, हा नियम त्यांचाच. काटा-बिटा लागत नसे. दोन बोटांनी दाबलं की कळायचं. "काय हो मास्तर, पोरांना गृहपाठ देता आणि स्वतःचा करत नाही? निम्मी ट्यूब शिल्लक? म्हातारपणासाठी साठवून ठेवलीत का?" बाकावरचे दहा-बारा जण खो खो हसायचे. मास्तरही हसायचे, कान लाल करून. पुढच्या खेपेला मास्तरांची ट्यूब चपटी. निम्मा रोग मलमाने जातो आणि निम्मा आपल्या जिभेने, असं सिस्टर अभिमानाने सांगत.

आणि आणखी एक गोष्ट फक्त सिस्टरांना माहीत होती. पॅसेजच्या टोकाला बेसिन होतं. तपासणीच्या दिवशी त्या बेसिनच्या जाळीवर मलमाच्या पांढऱ्या वळ्या सापडायच्या. लोक डॉक्टरांच्या धाकाने आत जायच्या आधी उरलेली ट्यूब पिळून टाकायचे! साध्या पाण्याने ते निघत नाही, चिकट असतं. सिस्टर गरम पाणी ओतून, ब्रशने घासून काढायच्या आणि मनाशी हसायच्या. सगळेच काही पिळायचे नाहीत, पण पिळणारे बरेच होते. पोरीचा काटा आल्यापासून तर वळ्या दुप्पट झाल्या.

पोरगी वहीत लिहीत होती: एकोणतीस ग्रॅम वापरलं. अठ्ठावीस. पूर्ण तीस. तिचा चेहरा असा फुलायचा की बघवत नसे.

सांगावं का? सांगायला काय, एका वाक्याचं काम. पण का सांगावं? भिंगातून सगळं दिसतं ना, मग बेसिनही दिसेल. सिस्टर गरम पाण्याची किटली घेऊन पॅसेजमध्ये जायच्या, बेसिन लख्ख करायच्या, आणि परत येऊन पोरीच्या शेजारी निमूट बसायच्या. इतकं स्वच्छ बेसिन त्यांनी आयुष्यात ठेवलं नव्हतं.

चाळिसातली एक होती पार्लरवाली. तिशीची, नवऱ्याने सोडलेली, दिवसभर लोकांचे केस धुणं आणि रंगवणं. हाताला भेगा अशा की रक्त यायचं. एका तपासणीला सिस्टर पॅसेजमधून येत होत्या आणि ती बेसिनपाशी हात झटकत उभी होती. ट्यूब चपटी करून मुठीत. दोघींची नजरानजर झाली. पार्लरवालीचा चेहरा पांढराफटक पडला. सिस्टरांनी काही न बघितल्यासारखं केलं. तिचं गणित त्यांना कळत होतं. मलम लावलं की हात बुळबुळीत होतात, गिऱ्हाईक तक्रार करतं, म्हणून ती लावतच नव्हती.

त्याच दुपारी डॉक्टरांनी पोरीची वही बघितली. सिस्टर ड्रेसिंगचा ट्रे घेऊन दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या.

"चाळीसपैकी छत्तीस जणांनी मलम पुरेपूर वापरलंय," पोरगी म्हणाली. "तरी निम्म्यांचे हात तसेच आहेत, सर."

"म्हणजे मलमच कमी पडतंय," डॉक्टर म्हणाले. "मी समजत होतो, लोक लावतच नाहीत. या पार्लरवाल्या बाईला पोटातून गोळ्या सुरू करू. जड आहेत, रक्त तपासत राहावं लागेल, पण इलाज नाही."

सिस्टरांनी तोंड उघडलं. अगदी ओठांवर आलं होतं, की डॉक्टर, थांबा, ती लावतच नाही. तेवढ्यात डॉक्टर वही मिटून पोरीला म्हणाले, "इतकी वर्षं मी अंदाजाने चाललो. तू मोजलंस. इतकं डोळे उघडे ठेवून काम करणारं माणूस या दवाखान्यात याआधी आलंच नाही."

याआधी आलंच नाही. सिस्टरांचं तोंड मिटलं. अंगाचा असा तिळपापड झाला की ट्रेमधल्या कात्र्या खणखणल्या. डॉक्टरांनी वळून विचारलं, "काय झालं?" सिस्टर म्हणाल्या, "काही नाही." चिठ्ठी लिहिली गेली. पार्लरवालीला गोळ्या कशा घ्यायच्या ते सिस्टरांनीच समजावून सांगितलं, आवाज जराही हलू न देता.

त्या रात्री झोप आली नाही असं मात्र नाही. छान लागली. वाईट तेच.

तिसऱ्या आठवड्यात पार्लरवाली आली ती भिंतीला धरून. पोटात पाणी ठरत नव्हतं, डोळ्यांखाली काळं, आणि रक्ताच्या रिपोर्टात यकृताचे आकडे तिप्पट. बाकावर तिने डोकं मागे टेकलं आणि सिस्टरांकडे बघून कसनुसं हसली. ते हसणं सिस्टरांच्या काळजात घुसलं. ही बाई आपल्याला सांभाळून घेतेय, असं काहीतरी त्यात होतं.

आत डॉक्टर रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचत होते. "या गोळ्या बंद. दुसऱ्या बघू. एवढं मलम लावून हात बरे होत नाहीत म्हणजे..."

"ती मलम लावत नाही," सिस्टर म्हणाल्या. "बेसिनमध्ये पिळून टाकते. ती एकटीच नाही, पुष्कळ जण. तुमच्या धाकाने."

पोरीच्या हातातलं पेन खाली पडलं आणि तिने ते उचललं नाही. तीन महिन्यांतले दोन महिने पाण्यात. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, आणि सिस्टरांच्या मनात, ती बाई बाहेर तशी पडलेली असताना, एक गुदगुली उठून गेली. मग मात्र त्यांची त्यांनाच शिसारी आली.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"पहिल्यापासून."

"मी गोळ्या लिहिल्या त्या दिवशी तुम्ही इथे उभ्या होतात."

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि पोरीला म्हणाले, "पेन उचल. चाळीस जणांना एकेकाला बोलव. वजन पुरे झालं. का पिळतात, ते विचार."

त्यानंतर डॉक्टरांनी सिस्टरांशी जेवढ्यास तेवढं बोलायला सुरुवात केली. आधीही जेवढ्यास तेवढंच होतं, पण आता त्यातलंही निम्मं गेलं. पार्लरवालीचे आकडे हळूहळू उतरले, उलट्या थांबल्या. तरी डॉक्टरांचा अबोला सुटेना. सिस्टरांनी याचाही दोष पोरीलाच दिला. ती आली नसती तर काटा आला नसता, काटा आला नसता तर हे सगळं झालंच नसतं. एकोणीस वर्षांचा संसार कुणी येऊन तीन महिन्यांत विस्कटून टाकतं का?

पोरगी आतल्या छोट्या खोलीत एकेकाला बसवून विचारायची. दार लावून घ्यायची. बाहेर आली की कागद फाइलमध्ये, आणि फाइल बॅगेखाली. सिस्टरांशी एकदम मऊ बोलायला लागली. "सिस्टर, पाणी आणू का? सिस्टर, तुम्ही बसा, मी हाक मारते पुढच्याला." ही कसली मखलाशी? सिस्टरांनी ओळखलं. बेसिनची गोष्ट स्वतःच्या नावावर खपवणार ही. पंधरा पानांचा निबंध छापेल, आणि 'सिस्टरांनी सांगितलं' हे एक वाक्य त्यात नसेल. शोध माझा आणि नाव हिचं!

एका दुपारी डॉक्टरांनी पोरीला आत बोलावलं, आणि बॅग टेबलावर राहिली. सिस्टरांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि फाइल ओढली.

पहिला कागद मास्तरांचा. 'ट्यूब रिकामी का केलीत?' त्याखाली पोरीच्या गोल अक्षरात: 'सिस्टर सगळ्यांसमोर बोलतात. माझे जुने विद्यार्थी बाकावर असतात.' दुसरा कागद: 'काउंटरवरच्या बाई हसतात.' तिसरा: 'सिस्टरची भीती.' चौथा: 'डॉक्टरांचं काही नाही, ते आत एकटे रागावतात. बाहेर मात्र सगळे ऐकतात.' सिस्टर उलटत गेल्या. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलची बारीक खूण होती. पार्लरवालीचा कागद सापडला: 'सिस्टर म्हणाल्या होत्या, नवऱ्याला जपता आलं नाही, निदान हात तरी जपा. त्यानंतर मी ट्यूब भरलेली कधी आणली नाही.'

कधी म्हणालो आपण असं? सिस्टरांना आठवेना. आठवेना, पण वाक्य आपलंच आहे हे लगेच कळलं. धाटणी ओळखीची होती. सगळे हसले असणार. आपणही हसलो असणार.

शेवटच्या पानावर बेरीज. 'सिस्टर – एकतीस.' ते पेन्सिलने लिहून खोडलेलं, खोडरबराचा कचरा तिथेच, आणि त्यावर पेनने लिहिलेलं: 'संकोच.'

सिस्टरांनी फाइल होती तशी ठेवली. कानशिलं तापली होती. लाज तर वाटलीच, पण त्या लाजेच्या वर काहीतरी दुसरं चढलं. खोडलंय. पोरीने आपल्याला झाकलंय! वीस वर्षांची पोर आपल्यावर दया करतेय. नजर तिची, शाब्बासकी तिची, आणि आता मोठेपणाही तिचाच? माणसाला काही ठेवशील की नाही?

संध्याकाळी शेवटचे दोन पेशंट बाहेर बसलेले असताना पोरीने डॉक्टरांना निष्कर्ष वाचून दाखवला. सिस्टर आत स्पिरिटची बाटली भरत होत्या.

"पस्तीस जणांनी पिळल्याचं कबूल केलं, सर. मुख्य कारण संकोच."

"कुणाचा?" डॉक्टरांनी विचारलं.

पोरगी अडखळली. सिस्टरांकडे बघायचं नाही म्हणून तिने खिडकीकडे बघितलं. "म्हणजे... एकूण वातावरणाचा, सर."

"माझा," सिस्टर म्हणाल्या.

बाटली काठोकाठ भरून वाहायला लागली होती. त्यांनी ती खाली ठेवली. "माझा संकोच, डॉक्टर. एकतीस जणांनी सांगितलंय. हिने खोडलं. मी फाइल उघडून वाचली, तेही लिहून ठेवा."

"सिस्टर, मला खरंच..." पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडू नकोस. मला तुझी मेहरबानी नको."

डॉक्टर कितीतरी वेळ सिस्टरांकडे बघत राहिले. रोज समोर असलेली वस्तू पहिल्यांदा दिसावी, तसे. मग पोरीला म्हणाले, "आणि माझ्या भीतीने किती जणांनी पिळलं?"

"चार, सर."

चार! खोटं कशाला बोला, त्या क्षणीही सिस्टरांच्या पोटात काहीतरी सुखावलं. एकतीस आणि चार. कुठेतरी एकदा त्या डॉक्टरांच्या पुढे निघाल्या होत्या. आणि मग, कशात पुढे निघालो ते ध्यानात येऊन, त्यांनी टेबलाची कड धरली.

"नाव घालू नये, सर," पोरगी हळूच म्हणाली. "नुसतं काउंटरवरची पद्धत असं लिहू."

"सिस्टर लिही," सिस्टर म्हणाल्या. "एकोणीस वर्षांत माझं काम पहिल्यांदा कुणी मोजलंय. तेवढं तरी नीट लिही."

डॉक्टरांनी मान खाली घातली. पोरगी लिहायला लागली.

सिस्टर बाहेर आल्या. बाकावर पार्लरवाली बसली होती. त्यांना बघताच ती उठून उभी राहिली आणि घाईघाईने पर्समधून ट्यूब काढून पुढे केली.

"ट्यूब नको," सिस्टर म्हणाल्या. "हात बघू."

पार्लरवालीला ही काहीतरी नवीन तपासणी वाटली. तिने शेजारच्या माणसाकडे एकदा बघितलं, तो हसायला तयारच बसला होता. मग तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि म्हणाली, "आत दाखवते ना, सिस्टर. डॉक्टरांनाच दाखवते."